दुसऱ्या मे महिन्याचा हिशोब : कोकणात छोटा उद्योग सुरू करण्याआधी

कोकणातला घरगुती उद्योग पहिल्या वर्षी सहसा अडत नाही. उत्साह असतो, मुंबईच्या नातेवाइकांनी कौतुकाने घेतलेल्या बाटल्या असतात, घरातली एखादी एफडी मोडलेली असते. दम लागतो तो दुसऱ्या मे महिन्यात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पुन्हा पिकलेले असतात, फोडायला येणाऱ्या बायका विचारून गेलेल्या असतात, साखरेचा भाव कळलेला असतो आणि पहिल्या वर्षीचा पैसा मात्र मालवणच्या, कणकवलीच्या, म्हापशाच्या दुकानांत बाटल्यांच्या रूपाने फळीवर बसलेला असतो.

कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यातल्या छोट्या युनिटांचे हिशोब लिहिणं हे माझं काम. त्यामुळे "धंदा कुठला करू?" यापेक्षा "पैसा कधी जाणार आणि कधी परत येणार?" हा प्रश्न मला जास्त जवळचा. इथे कोकम सरबताचा, म्हणजे अमृत कोकमाचा हिशोब मांडतो. आंबापोळी, फणसपोळी, काजू, मालवणी मसाला करणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत, रीत तीच राहते. भाव दरवर्षी हलतात, म्हणून खालचे आकडे उदाहरणाचे समजा आणि त्या जागी आपल्या गावचे भरा.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा

व्यवसायाची योजना लिहायला बसण्याआधी एक साधं कॅलेंडर घ्या आणि त्यावर दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. लाल म्हणजे पैसा जाणार, हिरवा म्हणजे पैसा येणार.

रातांब्याचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या दहा दिवसांत पोचतो, पण वळवाची एक जोरदार सर मेच्या मधल्या आठवड्यातच येऊन फळं पाडते. पिकलेला रातांबा तीन-चार दिवसांच्या वर थांबत नाही. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल पाच-सहा आठवड्यांत, रोख पैसे मोजून घ्यायचा. एप्रिल आणि मे पूर्ण लाल.

जून-जुलै हे कोरडे महिने, पावसात बुडालेले असले तरी. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, तारकर्लीचे जलक्रीडावाले बंद. पर्यटक नाही आणि गावातल्या माणसाच्या खिशातही पैसा नाही, कारण त्याचा तो शेतीत गेलेला. हिरवी खूण पहिल्यांदा दिसते ती गणपतीत. चाकरमानी परत निघताना पिशवी भरून नेतो आणि पैसे रोख देतो. मग दिवाळीच्या भेटपेट्या, नाताळ ते जानेवारीचे पर्यटक, फेब्रुवारी-मार्चमध्ये आंगणेवाडीची जत्रा आणि शिमगा. आंगणेवाडीची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, ती पंचांगात सापडत नाही, म्हणून स्टॉलचे पैसे आणि माल डिसेंबरपासून तयार ठेवलेला बरा. शेवटी मार्च ते मे, सरबताचा खरा खप.

या कॅलेंडरकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. सरबताचा सगळ्यात मोठा खप आणि पुढच्या वर्षीची सगळ्यात मोठी खरेदी एकाच वेळी येतात. खपलेल्या मालाचे पैसे दुकानदार दोन महिन्यांनी देतो, रातांबेवाला मात्र टेंपो उतरायच्या आधी मागतो.

एका बाटलीला खरा खर्च किती

1000 किलो रातांबे घेतले असं धरू. फोडून बिया आणि गर काढल्यावर साली निम्म्याच्या आसपास राहतात, म्हणजे 500 किलो. सालीच्या दुप्पट साखर घालायची, म्हणजे 1000 किलो. गळती, सांडणं, तळाचा गाळ सगळं वजा करून 750 मिलीच्या 1000 बाटल्या हाताशी येतात असं सावधपणे धरतो.

रातांबे, 25 रुपये किलोने: 25,000
साखर, 44 रुपयांनी: 44,000
फोडणं, थर लावणं, गाळणं, भरणं, 40 रोजंदाऱ्या 400 रुपयांनी: 16,000
बाटली, झाकण, सील: 14,000
लेबल: 3,000
12 बाटल्यांचे खोके: 3,400
टेंपो: 4,000
प्रयोगशाळेतली तपासणी: 3,000
वीज, पाणी, साफसफाई, किरकोळ: 2,600

एकूण 1,15,000. बाटलीमागे 115 रुपये.

यातली रोजंदारीची ओळ लोक सर्रास गाळतात. "ती काय, घरचीच माणसं आहेत." घरची माणसं पहिल्या वर्षी हौसेने करतात. दुसऱ्या वर्षी वहिनीची कंबर दुखते आणि बाहेरची बाई लावावी लागते, तेव्हा बाटलीमागे 16 रुपये अचानक वाढतात आणि किंमत वाढवायला तोंड राहत नाही. घरचं माणूस असो की बाहेरचं, मजुरी पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. तुमचा स्वतःचा पगारही, महिन्याला 8,000 का होईना, वेगळ्या पानावर लिहा. तो घेतला नाही तरी चालेल, पण धंद्याकडे तुमचं किती येणं आहे ते दिसत राहतं.

दुसरी बाजूही लिहा. साली सरबतात गेल्या तरी गर आणि रस उरतो, त्यात मीठ घालून आगळ होतं. बिया वाळवून विकल्या किंवा त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढलं तर तेही चार पैसे देतं. सरबत गाळून उरलेल्या गोड साली सुकवून खाऊ म्हणून जातात. या जोड-मालाचे पैसे मी बाटलीच्या हिशोबात धरत नाही, कारण तो कुणाला किती विकता येईल याची खात्री नसते. आले तर पावसाळ्याचं वीजबिल निघतं.

एमआरपीपासून मागे चालत या

खर्च 115, म्हणून 150 ला विकू, बाटलीमागे 35 सुटतील, असं गणित करणारे पुष्कळ. हे उलटं आहे. आधी कणकवलीच्या आणि मालवणच्या तीन-चार दुकानांत जाऊन शेजारच्या फळीवरच्या बाटल्यांची एमआरपी बघा. समजा 220 च्या आसपास आहे. तिथून मागे या.

दुकानदाराचं मार्जिन एमआरपीच्या 25 टक्के धरा, 55 रुपये गेले. उरले 165. जीएसटी नोंदणी असेल तर त्यात 5 टक्के कर आहे. सप्टेंबर 2025 पासून फळांचे पाक, जॅम, लोणची असा बहुतेक माल या टप्प्यात आला, आधी तो 12 च्या किंवा त्याहून वरच्या टप्प्यात होता. कर वजा जाता 157. दुकानापर्यंत पोचवणं 8 रुपये. हातात 149, खर्च 115, सुटले 34. साखर आणि बाटल्यांवर तुम्ही भरलेला कर वळता मिळतो, तो इथे धरलेला नाही.

तीच बाटली घराच्या ओट्यावरून किंवा जत्रेच्या स्टॉलवर 220 ला गेली तर कर वजा जाता 209 हातात येतात, सुटतात 94.

आणि तीच बाटली पुण्याला कुरियरने? इथे थांबून वजनकाटा घ्या. सरबताचा पाक पाण्यापेक्षा जड असतो. 750 मिली पाकच जवळपास किलोभर भरतो, वर बाटली, बबल रॅप, खोका. पार्सल किलोच्या पुढे जातं आणि कुरियरवाला पुढच्या टप्प्याचा दर लावतो. 95 रुपये कुरियर आणि 15 रुपये पॅकिंग धरलं तर 209 तले 99 उरतात. खर्च 115. प्रत्येक ऑर्डरला 16 रुपये पदरचे घालून वर "फ्री डिलिव्हरी" लिहिणारे मी पाहिलेत. एक तर तीन बाटल्यांपेक्षा कमी पाठवू नका, नाही तर पोस्टेज वेगळं लावा, किंवा पार्सलसाठी 500 मिलीची बाटली ठेवा, जी पॅकिंगसह किलोच्या आत बसते. मुंबईला खोकी पाठवायची तर खासगी बस किंवा एसटी पार्सल कुरियरपेक्षा स्वस्त पडतं, फक्त पलीकडे उतरवून घेणारा माणूस हवा.

गोवा जवळ आहे, पण दुसरं राज्य आहे

बांद्याहून पत्रादेवीची हद्द ओलांडली की म्हापशाची बाजारपेठ. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना ती रत्नागिरीपेक्षा जवळची. पण मालाच्या व्यवसायाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही ही सूट राज्याच्या आत विकणाऱ्यालाच आहे. राज्याबाहेर एक खोका जरी विकला तरी नोंदणी सक्तीची होते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यातून सवलत आहे, खाद्यपदार्थांना नाही.

म्हणून पहिल्या वर्षी ठरवा: गोवा हवा की नको. हवा असेल तर नोंदणी, विवरणपत्रं, सीएची फी हे सगळं खर्चात धरा आणि लक्षात ठेवा, दुकानदाराने पैसे दिले नसले तरी बिल फाडलं की कर भरायची जबाबदारी तुमची. नको असेल तर कुणी कितीही गळ घातली तरी तिकडे माल देऊ नका. "एकदाच देतो" म्हणत दिलेला माल पुढे महागात पडतो.

उधारी

काउंटरवरचा हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय.

"काका, मागच्या पेटीचे पैसे?"

"अगो बाय, गणपती होवंदेत. चाकरमानी येवक लागले काय एकदमच देतंय."

गणपती होतात, मग दिवाळी येते. काका वाईट नसतात. त्यांनाही पुढे उधारीच असते. पण तुमच्या पेटीचे 1,980 रुपये त्यांच्या दुकानाचं बिनव्याजी कर्ज झालेलं असतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी केलेल्या सूक्ष्म उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइनही करता येते. मोठ्या शहरातल्या मॉलवाल्याशी व्यवहार असेल तर हे बिलावर छापून ठेवाच, कारण मुदतीत न दिलेल्या पैशांची खर्च म्हणून वजावट आयकरात त्याला त्या वर्षी मिळत नाही आणि त्याच्या सीएला हे चांगलं ठाऊक असतं. गावच्या दुकानदारावर मात्र तक्रार करून पुन्हा त्याच एसटीत शेजारी बसायचं, हे कुणाला जमत नाही.

तिथे चालते ती सवय. पहिल्या भेटीत एकच पेटी द्या, 12 बाटल्या. दुसरी पेटी पहिलीचे पैसे हातात पडल्यावर. दुकानदार म्हणेल, "एवढ्याशा मालासाठी कशाला फेऱ्या मारतेस, पाच पेट्या ठेव." ठेवू नका. पाच पेट्या ठेवल्या की फळीवर दोनच दिसतात आणि तीन मागच्या खोलीत उन्हात तापतात. विकेल तेवढ्याच मालाचे पैसे देणार, उरलेला परत, अशी अट असेल तर तो माल विकला गेला असं वहीत लिहूच नका. तो तुमचाच माल, फक्त दुसऱ्याच्या घरी ठेवलेला.

आता दुसरा मे

वरचे सगळे आकडे एकत्र आणतो. 1000 बाटल्या केल्या. 50 नमुने, भेटी आणि फुटतूट यात गेल्या. 950 तल्या 40 टक्के ओट्यावरून आणि जत्रेत, 60 टक्के दुकानांतून गेल्या. सरासरी सुटले 58 रुपये. 950 गुणिले 58, म्हणजे 55,100, त्यातून फुकट गेलेल्या 50 बाटल्यांचे 5,750 वजा. कागदावर जवळपास 49,000 चा नफा, व्याज धरण्याआधीचा. छान वाटतं.

आता खात्यात 30 एप्रिलला काय आहे ते बघू. तोवर 850 बाटल्या गेल्या असं धरू. त्यातल्या ओट्यावरच्या 340 बाटल्यांचे 71,060 रोख आले. दुकानांचे पैसे दोन महिने मागे असतात, म्हणून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्यांनी घेतलेल्या 420 बाटल्यांचेच आले, 62,580. दोन्ही मिळून 1,33,640.

कर्ज नसेल तर पुढच्या हंगामाचे 1,15,000 बाजूला काढून 18,640 उरतात. चणचण आहे, पण गाडं चालतं.

आणि सुरुवातीलाच 3 लाखांचं कर्ज काढून गर काढणारा पल्पर, बाटल्या भरणारं फिलिंग मशीन, स्टीलचं टेबल घेतलं असेल तर? 11 टक्के दराने 5 वर्षांसाठी महिना 6,523 रुपये हप्ता. वर्षाला 78,276. ते गेल्यावर खात्यात राहतात 55,364. पाहिजेत 1,15,000. कागदावर नफा आणि खात्यात जवळपास 60,000 ची तूट, तीही घरात एक रुपया पगार न नेता. इथेच बायकोचे दागिने सहकारी पतपेढीत जातात.

"मग जास्त माल करू," असं लगेच सुचतं. फक्त हप्ता निघायलाच सरासरी 58 च्या हिशोबाने 1,350 बाटल्या विकाव्या लागतात. 3000 बाटल्या करायच्या तर मेमध्ये 3,45,000 रोख हवेत. त्या सगळ्या वरच्याच प्रमाणात आणि वेगाने विकल्या गेल्या तरी पुढच्या एप्रिलअखेर हप्ते वजा जाता 3,22,644 असतात. पुन्हा 22,000 कमी. आणि ओट्यावरचं गिऱ्हाईक तुम्ही तिप्पट माल केलात म्हणून तिप्पट होत नाही. वाढीव माल जातो तो दुकानात, म्हणजे 94 च्या नव्हे, 34 च्या भावाने.

म्हणून माझं मत पक्कं आहे: पहिल्या दोन हंगामांत यंत्रासाठी कर्ज काढू नये, काढायचंच तर खेळत्या भांडवलासाठी काढावं. पहिल्या हंगामात सुरी, पाटे, फूड ग्रेड पिंपं, वजनकाटा, पाकातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि हाताने चालणारं सील मशीन एवढ्यावर काम होतं. आंब्याच्या गरासाठी पल्पर लागतोच, पण तो स्वतःचा असायला हवा असं नाही. जवळच्या एखाद्या युनिटात किलोवर मजुरी देऊन गर काढून मिळतो का, ते आधी बघा. त्याचं यंत्रही वर्षातले आठ-दहा महिने रिकामंच असतं, तो नाही म्हणत नाही. आमसुलं करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. मे महिन्यात मळभ आलं की उन्हातलं वाळवण वाया जातं, त्यामुळे छोटा ड्रायर हे मी चैनीत धरत नाही.

बँकेत जाताना

बँकेत "कर्ज हवंय" म्हणून जाऊ नका, कुठलं ते सांगा. मुदत कर्ज म्हणजे यंत्रासाठी, दर महिन्याला ठरलेला हप्ता. कॅश क्रेडिट म्हणजे खेळत्या भांडवलासाठी, जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज, पैसे आले की भरा, लागले की काढा. कोकम-आंब्याच्या धंद्याला दुसरं जास्त साजतं. बँक त्यासाठी मालाचं स्टेटमेंट मागते आणि मालाच्या किमतीच्या पूर्ण रकमेइतकं काढू देत नाही, साधारण 25 टक्के तुमचे असावे लागतात. मुदत कर्जच घ्यावं लागलं तर हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मागा: जून-जुलैत फक्त व्याज, सप्टेंबर आणि जानेवारीत मोठा हप्ता. शाखाधिकारी आपणहून हे सुचवत नाही. वर सांगितलेलं कॅलेंडर सोबत नेलंत तर बोलणं सोपं जातं.

मुद्रा योजनेत 50,000 पर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण आणि तरुणची परतफेड नीट केलेल्यांना 20 लाखांपर्यंत. तारण लागत नाही. तारण न लागण्याला कोकणात फार किंमत आहे, कारण आपला सातबारा. आजोबांच्या नावाखाली चौदा नावं, त्यातली सहा मुंबईत, दोन बडोद्याला, एक वारलेलं आणि वारस नोंद राहिलेली. अशी जमीन बँक गहाण घेत नाही आणि त्या जमिनीवर शेड बांधायची तरी सगळ्यांची संमती मागितली जाते. चुलते गणपतीला येतात तेव्हा संमतीपत्रावर सह्या घेण्याची तयारी आषाढातच करा. आरतीनंतरचा चहा ही त्यासाठी उत्तम वेळ. घर तुमच्या नावावर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढून ठेवा, तो बऱ्याच ठिकाणी लागतो.

आणि सिबिल, म्हणजे तुमच्या नावावरची कर्जफेडीची नोंद, बघा. तुम्ही कधी कर्ज काढलं नसेल, पण मित्राच्या टेंपोला जामीन राहिला असाल आणि त्याचे हप्ते थकले असतील, तर ते तुमच्या नावावर दिसतं.

सबसिडीचा मोह

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात, त्यांचे नंबर कृषी कार्यालयात मिळतात, योजना सध्या कुठल्या टप्प्यात आहे तेही तिथेच कळतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय वगैरेंना 35 टक्के. बचत गटात असाल तर पीएमएफएमईत सदस्यामागे 40,000 पर्यंत बीज भांडवल आहे आणि ते खेळतं भांडवल म्हणून वापरता येतं. माझ्या हिशोबाने छोट्या युनिटाला सगळ्यात उपयोगी पडणारे पैसे तेच.

मोठं अनुदान मात्र तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवलं जातं, त्या भागावर व्याज लागत नाही आणि तीन वर्षं खातं व्यवस्थित चाललं तर कर्जात वळतं होतं. खातं थकीत गेलं की हक्क धोक्यात. म्हणजे दुसऱ्या मे महिन्यातून तुम्हाला सबसिडी सोडवत नाही, दुसरा मे पार केलात तरच सबसिडी मिळते.

एजंट आणि यंत्रविक्रेते मिळून कोटेशन फुगवतात. "4 लाखांचं यंत्र 6 लाखांचं दाखवू, सबसिडीत निघेल." सबसिडी 35 टक्के, उरलेले 65 टक्के तुमचा हप्ता. फुगवलेल्या 2 लाखांतले 1,30,000 तुम्ही व्याजासकट फेडणार. शिवाय हा सरळ गैरव्यवहार आहे आणि कर्जाच्या कागदांवर सही तुमची असते. मंजुरीआधी घेतलेलं यंत्रही बहुधा धरलं जात नाही, म्हणून घाईने आगाऊ रक्कम देऊ नका.

कागद

यात फार वेळ घालवत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट, कुणी हजार रुपये मागितले तर उठून या. अन्नसुरक्षेची नोंदणी सक्तीची. माझ्याकडच्या बहुतेक घरगुती युनिटांनी 12 लाखांच्या आतल्या उलाढालीची साधी नोंदणी वर्षाला 100 रुपये भरून केलेली आहे. लेबल छापायला टाकण्याआधी मात्र दोनदा तपासा: नोंदणी क्रमांक, हिरवा ठिपका, घटक, निव्वळ माप, तयार केल्याची तारीख, किती काळ टिकेल, सर्व करांसह एमआरपी, एककामागची किंमत, पत्ता, तक्रारीचा फोन. एक ओळ चुकली की 3,000 ची लेबलं चुलीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन प्रक्रियेची नीट माहिती घ्या. आंबलेली एक खेप सगळ्या वर्षाचा नफा खाते. घरगुती मीटरवर यंत्र चालवणार असाल तर आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

विमा उतरवाच

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा झोपला, गावंच्या गावं अंधारात राहिली. त्याच वर्षी 22 जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तीनही तारखा बघा: मे, जून, जुलै. तुमचा वर्षाचा सगळा माल नेमका याच महिन्यांत घरात असतो.

घराचा विमा धंद्याच्या मालाला चालेलच असं नाही. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक पॉलिसी बहुतेक साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, 5 कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी, त्यात आग, वादळ, पूर येतात. मालाची रक्कम जूनमधली, म्हणजे सगळ्यात जास्त असतानाची धरा. पिंपं जमिनीवर न ठेवता फळ्यांच्या मांडणीवर ठेवा आणि खरेदीच्या पावत्यांचे फोटो मुंबईच्या भावाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. भिजलेल्या पावतीवर दावा उभा राहत नाही.

हाताने करणाऱ्यांसाठी वेगळं

सावंतवाडीची लाकडी खेळणी, गंजिफा, पिंगुळीची चित्रकथी, शंख-शिंपल्यांचं काम करणाऱ्यांचा हिशोब उलटा असतो. कच्चा माल स्वस्त, वेळ महाग. इथे मे महिन्याची गोची नाही, पण स्वतःचा तास फुकट धरायची सवय आहे. लाकडी फळांच्या एका सेटला रंगासह 60 रुपये लागले आणि 6 तास गेले, तर तासाला 60 धरूनही तो 420 चा झाला. 300 ला विकला तर गिऱ्हाइकाला तुम्ही 120 देऊन पाठवलंत. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पारंपरिक खेळणी करणारे आणि सुतार दोघंही बसतात. अवजारांसाठी 15,000, आधी 1 लाख आणि ते फेडल्यावर 2 लाख कर्ज, 5 टक्के व्याजाने. इतक्या कमी व्याजाचे पैसे दुसरीकडे सहसा मिळत नाहीत, आधी ते बघा.

15 एप्रिलला काय करायचं

रातांब्याचा शब्द देण्याच्या आधी, 15 एप्रिलच्या आसपास, एक दुपार मोकळी काढा. खात्यातली शिल्लक लिहा. घरात किती बाटल्या आहेत त्या मोजा, अंदाजाने नाही, हात लावून. प्रत्येक दुकानाकडे किती येणं आहे आणि त्यातलं कुणाचं मे अखेरपर्यंत खरंच येईल, ते नावासमोर लिहा. ज्याने मागच्या गणपतीचे अजून दिले नाहीत, त्याच्यासमोर शून्य. मग जून आणि जुलैचा घरखर्च, हप्ते, विम्याचा हप्ता शिलकीतून वजा करा. उरलेल्या रकमेला 115 ने, किंवा तुमच्या यंदाच्या खर्चाने, भागा. तेवढ्याच बाटल्या यंदा करायच्या. मागच्या वर्षी 1000 केल्या होत्या आणि यंदा उत्तर 600 आलं तर 600 किलोच रातांबे सांगा. बागवाल्याला एप्रिलमध्ये कळलं तर तो दुसरं गिऱ्हाईक बघतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं तर पुढच्या वर्षी तुम्हाला दारात उभं करत नाही.